अकरा किलो सहाशेचा गाडा

वसमतला भाड्याचं घर बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. माझ्या कडेवरचं लेकरू त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, डोळे मिटले, एकदा वर केलं, एकदा खाली केलं आणि म्हणाले, "नऊ किलो दोनशे. बारदाना वजा."

लेकरू इतकं चकित झालं की रडायचं विसरलं. मी मात्र एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. म्हणाली, "घाबरू नका बाई. त्यायची सवय हाय ती. बारदाना म्हंजी अंगावरचे कपडे." मग तिने मला पाणी दिलं आणि घर दाखवलं. घर बरं होतं, हवेशीर होतं. पण मी ते घेतलं ते लेकरू रडलं नाही म्हणून. परक्याच्या हातात गेल्यावर न रडण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

घरमालक, म्हणजे आमचे काका, तीसेक वर्षं हळदीच्या बाजारात तोलार होते. पोतं काट्यावर ठेवलं की वजन पुकारायचं, त्यातून रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं वजन वजा करायचं आणि निव्वळ माल किती ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, वजा करणं सुटलं नाही. काकांना माणसं कपड्यांसकट दिसतच नसत, असं लिहिणार होते, पण त्याचा भलताच अर्थ निघेल. दारात आलेल्या माणसाचा स्वेटर, पिशवी, चपला हे सगळं ते मनातल्या मनात बाजूला काढत आणि उरलेल्या माणसाशी बोलत, एवढंच मला म्हणायचं आहे.

मी तेव्हा कुरुंद्याच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि रोज एसटीने जाऊन येऊन करायचे. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन एकदा घरी आले, तर काकांनी फाटकातच तो माझ्या हातातून घेतला. डोळे मिटले. "मागल्या खेपेपेक्षा पाऊण किलो कमी हाय. पोरायनं काही लिहिलं न्हाई यंदा."

"काका, पट तेवढाच आहे आणि पेपरही तेवढेच आहेत," मी म्हटलं.

"पेपर तेवढेच असतील. पुरवण्या न्हाईत."

रात्री जेवण झाल्यावर गठ्ठा सोडला. अर्ध्या वर्गाने निबंध सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जरा जास्तच रागावले. त्यातला थोडा राग काकांवरचाही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नवरा चाकणला कंपनीत होता, महिन्यातून एकदा यायचा. एका खेपेला तो आल्या आल्या काकांनी त्याची बॅग उचलून ओसरीवर ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, ह्या वेळी साहेब लवकर जात न्हाईत. चार-पाच दिवसाचा माल हाय." नवऱ्याचं तोंड पडलं. त्याने चार दिवसांची रजा काढली होती आणि मला संध्याकाळी सांगून खूश करायचं ठरवलं होतं. मी तशीही खूश झालेच, पण श्रेय काकांना गेलं याचं त्याला अजूनही वाईट वाटतं.

ओसरीवर एक जुना लोखंडी काटा होता. कोणीतरी भंगारात काढलेला तो काकांनी घरी आणला होता, आणि रविवारी सकाळी कॉलनीतली लेकरं त्यावर चढायची. काका आधी हाताने वजन सांगत, मग काट्यावर ताळा बघत. चूक निघाली तर काट्याला तेल घालत. काकू मात्र त्या काट्यावर कधी चढल्या नाहीत. "लग्नात तोलून आणलं नव्हतं मला. आता काहून तोलायचं?" असं म्हणून त्या आत जात. दोघंही मूळची बंजारा तांड्यावरची. रागावल्या की काकू तांड्याच्या बोलीत बोलत आणि काका मराठीतून उत्तर देत. त्यामुळे भांडण मला नेहमी अर्धंच कळायचं. ते अर्धं ऐकूनही करमणूक व्हायची.

एकदा मी त्यांना विचारलं, की हाताला इतकं बरोबर कसं कळतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "माल खोटं बोलत न्हाई बाई. आपण घाई करतो." पुढे माझी बदली हिंगोलीला झाली, तरी त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. "किती?" एवढंच विचारतात. मी लेकराचं वजन सांगते. "बराबर," म्हणतात आणि फोन काकूंकडे देतात.

पण मला सांगायचं आहे ते गाड्याचं.

वसमतला आमचा बायकांचा गायनसंच होता, मी काकांच्या घरी यायच्या आधीपासूनचा. आम्ही सात जणी भीमगीतं आणि बुद्धगीतं म्हणायचो. संच चालवणाऱ्या ताई निवृत्त नर्स होत्या. त्यांच्या घरी शनिवारी तालीम असे. लेकरू व्हायच्या आधी मी पुढून गायचे, बाकीच्या मागून साथ द्यायच्या. मग पोटात लेकरू, मग अंगावर लेकरू, अशी अडीच वर्षं गेली. शाळेत फळ्याकडे तोंड करून गुणगुणायचे, तेवढंच. मी कुणाला म्हणत नव्हते, पण मला गायचं होतं. फार गायचं होतं.

हळद शिजायच्या दिवसांत आमच्या कॉलनीच्या पलीकडच्या मोकळ्या रानात दोन दिवसांचा गीतमहोत्सव भरायचा होता. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत गावोगावचे संच गाणार होते. ताई म्हणाल्या, "ह्या वेळी येत असाल तर पुढून तुमीच. न्हाई तर मला दुसरीला उभं करावं लागंल. मग दरवेळी बदलता येत न्हाई. मला वाईट वाटून काही उपयोग न्हाई." ताई सुई टोचतानाही असंच बोलत असणार.

अडचण लेकराची होती. पावणेदोन वर्षांचं झालं होतं. मी शाळेत गेले की ते काकूंजवळ खुशाल राहायचं. मी दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, हे त्याला चालत होतं. पण माझा आवाज येतो आणि मी दिसत नाही, हे त्याला मुळीच चालायचं नाही. पहिल्याच तालमीला मी पुढच्या खोलीत गात होते आणि ते मागच्या खोलीत होतं. ते इतकं रडलं की निळं पडायची वेळ आली. कडेवर घेऊन गाऊन पाहिलं, तर त्याने दुसऱ्या ओळीला माझं तोंड हाताने बंद केलं. घरी ठेवून जावं म्हटलं, तर रान इतकं जवळ की मागच्या वर्षी कर्ण्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात भांडी वाजवत होता. म्हणजे आवाज येणार आणि आई दिसणार नाही. त्याला तिथेच न्यायला हवं होतं, मी दिसेन असं ठेवायला हवं होतं. पण कुणी उचलून धरलं की ते पाठ ताठ करून घसरायचं, आणि खाली सोडलं की पळायचं. चाकावर बसवलं तरच शांत बसायचं.

मी हे काकूंना सांगत होते. काका ओसरीवरून ऐकत होते.

"रान कोणतं? काळं का?" त्यांनी विचारलं.

"काळंच. कपाशीची पऱ्हाटी उपटलीय, ढेकळं तशीच आहेत."

"माल अकरा सहाशे. दिवसभराचं दूधपाणी धरून तेरा." त्यांनी डोळे मिटले. "पाहू."

भावाने नांदेडहून दिलेली एक बाबागाडी घरात होती. घडीची, रंगीत, वर छत्री. काकांनी तिची चाकं बोटांनी फिरवली. "ही फरशीची चाकं हायेत," म्हणाले. पण न तपासता नाकारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी काट्यावर मोजून अकरा किलो सहाशे हळद एका पोत्यात भरली, तोंड शिवलं, पोतं गाडीत बसवून पट्टा लावला आणि वर आमच्या लेकराची कानटोपी घातली. टोपी काहून, असं काकूंनी विचारलं. "डोकं कुठं येतं ते कळाया पायजे," काका म्हणाले.

मग भर दुपारी ते कानटोपीवालं पोतं घेऊन रानात गेले. तिसऱ्या ढेकळावर पुढचं चाक आडवं झालं आणि पोतं तोंडावर पडलं. शेजारच्या बाई गच्चीवर पापड वाळवत होत्या. त्यांनी ते लांबून पाहिलं आणि अनवाणी धावत रानात आल्या. पोत्याला उताणं करून पाहिल्यावर त्या काकांना जे काही बोलल्या ते काकांनी कधीच सांगितलं नाही. पुढे महिनाभर त्यांनी काकांना पापड दिले नाहीत.

आठवडी बाजारातून मागे दांडा असलेली प्लास्टिकची तीनचाकी आणली. तिच्यावर पोतं झकास बसलं, पण बांधावर चढवताना दांडा काकांच्या हातात आला आणि पोतं उतारावरून पुढे निघून गेलं. हमालांची पोती न्यायची लोखंडी ढकलगाडी आणली. ती रानात चालली असती, पण तिच्यात लेकराला उभं बांधावं लागलं असतं. काकूंनी ती फाटकातूनच परत पाठवली. शेवटी काकांची नजर ओसरीवरच्या काट्याकडे गेली. त्यालाही चार चाकं होती. काकू म्हणाल्या, "लेकराला गाण्याला न्यायचं हाय का लिलावाला?" त्यानंतर दोन दिवस काका कुणाचं वजनही सांगत नव्हते. मला अपराधी वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीच्या फरशीवर खडूने एक आकृती काढली आणि वेल्डिंगच्या दुकानात गेले. दुकानदाराला तिथून उठवून ओसरीवर आणलं, आकृती दाखवली आणि परत नेलं. एका मोडक्या लहान सायकलची दोन चाकं, त्यातलं एक आरे ढिले म्हणून बदललेलं. पुढे टेकायला एक छोटं चाक. मध्ये बाभळीची जाड फळी, कडेने लोखंडी कठडा, मागे ढकलायला नळीचा दांडा. पट्टा माझ्या जुन्या दप्तराचा. हा गाडा रंगवलेला नव्हता आणि दिसायला अगदी ओबडधोबड होता. पण काकांनी तो पोतं बसवून रानातून सात वेळा आरपार नेला आणि पोतं जागचं हललं नाही.

टपरीवरची माणसं विचारायची, "काका, हळद फिरायला निघाली काय?"

"हळद न्हाई. बाईचं लेकरू हाय," काका चालता चालता सांगायचे. त्यात आपण काही विनोद केला असं त्यांना वाटत नसे.

सात फेऱ्यांत पोत्यातून हळदीची पूड झिरपली आणि फळीच्या रेषांत बसली. मी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. फडकं पिवळं झालं, फळीही पिवळीच राहिली.

महोत्सवाच्या दिवशी काका नऊलाच रानात जाऊन जागा धरून बसले. उतार पाहिला, वारा पाहिला, बारापर्यंत लिंबाची सावली कुठे सरकेल ते पाहिलं. आम्ही पांढऱ्या साड्या नेसून गेलो. लेकरालाही पांढरा सदरा घातला होता. गाडा ढेकळांवरून असा चालला की लेकरू दोन्ही हात वर करून बसलं. लोक सतरंज्यांवर बसलेले होते, व्यासपीठ समोर उघडं दिसत होतं. काका गाड्यामागे उकिडवे बसले, काकू शेजारी. मला पहिल्यांदाच वाटलं, की जमतंय.

आमचा नंबर दुसरा होता. पण पहिल्या संचाची गाडी हिंगोलीकडून यायला उशीर झाला आणि संयोजक धावत ताईंकडे आले. सुरुवातीचं वंदनगीत तुम्हीच घ्या, म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ते गीत मी शाळकरी वयापासून म्हणत होते. मी मान डोलावली आणि वर गेले. लेकराला हात केला. त्याने गाड्यातून हात केला.

पेटीने सूर दिला, ढोलकीवर थाप पडली आणि मी पहिली ओळ घेतली.

आणि सगळं रान उभं राहिलं.

वंदनगीताला आमच्याकडे सगळे उभे राहतात. लहानपणापासून मी स्वतः राहत आले. काका-काकूही दरवर्षी त्याच रानात उभे राहत आले होते. तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांची भिंत उभी राहिली आणि गाडा तिच्यामागे दिसेनासा झाला. काळ्या रानातल्या ढेकळांची तयारी झाली होती, माणसांची झाली नव्हती.

पहिल्या ओळीनंतर ढोलकी एक आवर्तन एकटी वाजते. त्या मोकळ्या जागेत मला ते रडणं ऐकू आलं. चारी बाजूंच्या कर्ण्यांतून माझा आवाज गेला होता आणि मी कुठेच नव्हते. दुसरी ओळ माझी होती. माझ्या घशातून ती आली नाही. मागून सहा जणींनी ती कशीबशी घेतली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि न पाहणंच मला जास्त लागलं. मी माइक ठेवून खाली उतरायच्या बेतात होते. उतरले असते तर पुन्हा कधी पुढून उभी राहिले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तेवढ्यात भिंतीच्या वर एक चाक आलं. मग दुसरं. मग माझं लेकरू, लालबुंद, तोंड उघडं, कठड्याला दोन्ही हातांनी धरलेलं. काकांनी खांद्यावरच्या रुमालाची चुंबळ केली होती, काकूंचा हातभार घेतला होता आणि अख्खा गाडा डोक्यावर घेतला होता. दोन्ही चाकं त्यांच्या कानांशेजारी हळूहळू फिरत होती. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांनी उचललेली पोती नुसती तोलली, ते पासष्टीचे गृहस्थ रानाच्या मधोमध ताठ उभे होते. आजूबाजूचे लोक हात जोडून समोर बघत होते. वंदनगीत चालू असताना कुणी इकडेतिकडे बघत नाही.

लेकराने मला पाहिलं आणि रडणं थांबवलं. मीही काही क्षण नुसती पाहत राहिले. मग मी पुढचं कडवं घेतलं आणि शेवटपर्यंत गायले. कसं गायले ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की आवाज मला ओढावा लागला नाही.

खाली उतरले तेव्हा चार बायका मिळून तो गाडा काकांच्या डोक्यावरून उतरवत होत्या, कारण त्यांचे हात आखडून गेले होते. केसांवर, कपाळावर, कानांवर हळद सांडली होती. काकू ती पदराने पुसत होत्या आणि तांड्याच्या बोलीत काहीतरी बोलत होत्या. त्या दिवशी मला त्यातलं सगळं कळलं.

काका माझ्याशी नजर भिडवेनात. "बाई, चूक माझी हाय," म्हणाले. "चाक पाहिलं, रान पाहिलं, वजन पाहिलं. डोकं कुठं येतं ते बी पाहिलं. हळदीला डोळे नसतेत, हे ध्यानातच न्हाई आलं. तिला काय कुणाला शोधायचं नसतं."

मी उगीच विचारलं, "काका, गाणं तरी कसं झालं?"

"गाणं मला ऐकू आलं न्हाई. दोन्ही कानापाशी चाकं कुरकुर करून राहिली व्हती." त्यांनी टाळूवरून हात फिरवला. "पण लेकरू टाचा मारत व्हतं ना फळीवर. वर घेतलं तवा लई येळ ते हललंच न्हाई. म्या म्हणलं, गेलं, आता बाई गात न्हाईत. तसाच उभा राहिलो. मग एक टाच पडली, मग दुसरी. ठेक्यात, बराबर. तवा मला कळलं, बाईनं गाणं उचललं."